डाव्या चाकाचे उलटे आटे

गाडीच्या चाकाजवळ चार पुरुष उभे दिसले की मी आजही बाजूने निघून जाते. एक जण टायरला लाथ मारतो, दुसरा मान हलवतो, तिसरा 'यात काही दम नाही' म्हणतो, आणि चौथ्याला काहीच कळत नसतं म्हणून तो सगळ्यांत मोठ्याने बोलतो. लाथ मारल्याने टायरबद्दल काय कळतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. माझे वडील पवनीला सायकली दुरुस्त करायचे. सगळी उमर त्या दुकानात गेली, पण त्यांनी एकाही टायरला लाथ मारली नाही.

मी नाटकात कामं करायची. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, दंडारीचा नाच, आणि संध्याकाळपासून नाटक. सत्तरच्या आसपास नाटकांत पुरुषांनीच बायका करायची पद्धत मोडत आली आणि आमच्यासारख्या बायकांना बोलावणी यायला लागली. लोकांना खरी बाई हवी होती. ती बाई साडी कुठे बदलेल, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. तिने साडी बदलूनच आभाळातून उतरावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी गोठ्यात साडी बदलली आहे. धानाच्या तणसाच्या ढिगामागे बदलली आहे. शाळेच्या ओसरीवर दोन म्हाताऱ्या लुगडं धरून उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता दोघींनी हात खाली केले, तेव्हाही मीच आत होते. एका गावी गोठ्याच्या कुडाला फट होती आणि त्या फटीत एक डोळा होता. मी त्या डोळ्याकडे पाहिलं, तरी तो हलला नाही. त्या दिवशी मी पोलक्याची बटणं चुकीची लावून पहिल्या अंकाला उभी राहिले आणि टाळ्या घेतल्या. उतरल्यावर मी आमच्या मालकांना सांगितलं, "भाऊ, पुढच्या साली मले आतून कडी लागणारं दार पाहिजे. दार नाही तर मी नाही."

मालक म्हणजे कंपनीचे मालक. कोंढ्याला त्यांची धानाची गिरणी होती, धानाची शेती होती आणि नाटकाचा शौक होता. मनाने वाईट नव्हते. फक्त आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो दूर करायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

माझी मागणी ऐकून आमचे मास्तर हसले. मास्तर शाळेत शिकवायचे, आमची नाटकं बसवायचे, आणि मी यायच्या आधी नायिकाही तेच करायचे. ते म्हणाले, "आमी वीस वर्षं बायका केल्या. कधी दार मांगतलं नाही."

मी म्हटलं, "मास्तर, तुमाले पाहाले कोण येत होतं?"

हे ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यानंतर, मालकांनी कोंढ्याच्या गिरणीच्या आवारात एक चीज आणून ठेवली. तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या कुण्या गोऱ्या साहेबाची ही झोपायची गाडी होती. जीपच्या मागे बांधायची आणि जंगलात जाऊन त्यात राहायचं. साहेब कधीच देश सोडून गेला होता, गाडी बंगल्याच्या मागे पडून होती आणि तीत कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकांनी ती एका ट्रकवर चढवून आणली. लाकडाचा सांगाडा, वरून पत्रा, गोलसर छप्पर, दोन खिडक्या, आणि एक दार. साहेबाच्या गावी तिला काय म्हणत असतील ते असो, कोंढ्यात पहिल्याच दिवशी तिचं नाव 'डब्बा' पडलं.

मालक मला म्हणाले, "घ्या बाई. साहेबाची खोली आहे. चाकं लागले का चालली."

मी विचारलं, "दाराले आतून कडी आहे काय?"

"आहे जी. पितळी."

मी आत चढले. कोंबड्यांचा वास होता, तळाशी पिसं होती. मी दार ओढून घेतलं आणि कडी सरकवली. ती बसली. बाहेर गिरणीचा आवाज एकदम लांब गेला. मी तिथे किती वेळ उभी राहिले कोण जाणे, बाहेरून कुणीतरी दार वाजवलं तेव्हा भानावर आले. इतकी साधी गोष्ट, आणि मला रडू आलं होतं.

आता फक्त चाकं राहिली होती. दोनच. मंडईला महिना होता. दोन चाकांना महिना पुष्कळ झाला, असं मला वाटलं, कारण मी सायकलच्या दुकानात वाढलेली.

टायर गेलेले होते. उजव्याचा टायर निम्मा कुत्र्यांनी कुरतडलेला, डाव्याचा चिखलात रुतलेला. टायरच्या अंगावर आकडे असतात. त्यातला रिमेच्या मापाचा, सोळाचा आकडा वाचता येत होता, त्याच्या आधीचा, टायरच्या जाडीचा, पुसला गेला होता. अशा वेळी चाक काढायचं, टायरच्या दुकानात न्यायचं आणि दुकानदारासमोर ठेवायचं, एवढंच काम. पण आमच्या नायकाचं म्हणणं पडलं की चाकं न्यायची गरज नाही, माप घेऊ. आमचा नायक धानाचा व्यापारी होता, चाळिशी उलटली तरी कॉलेजकुमार करायचा, आणि प्रत्येक कामात छाती आधी पुढे करायचा. त्याने सुतळी आणली. उजव्या टायरभोवती फिरवली आणि गाठ मारली. डावा चिखलात होता. तो उकरण्याऐवजी त्याने वर दिसणारा भाग मोजला आणि म्हणाला, "हे झालं अर्धं. आता डबल करा."

वर दिसत होतं ते अर्ध्याहून बरंच जास्त होतं, हे कुणालाही दिसलं असतं. मालकांनी डबल केलं. दोन वेगवेगळ्या लांबीच्या सुतळ्या खिशात घालून ते भंडाऱ्याला गेले. एकाच गाडीच्या दोन चाकांची मापं वेगळी कशी, हा प्रश्न गिरणी चालवणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या तीन पुरुषांपैकी एकालाही पडला नाही.

ते दोन जुने टायर घेऊन आले. एक जीपचा, एक ट्रॉलीचा, त्याच्याहून बोटभर नाही, चांगला चार बोटं उंच. दोन्हींची नक्षी खोल होती. मालक त्या नक्षीत बोट घालून दाखवत होते. "पाहा, नवाच आहे. घासलाच नाही."

घासला नव्हता कारण तो चाललाच नव्हता. दुकानाच्या छपरावर वर्षानुवर्षं उन्हात पडला होता. ट्रॉलीच्या टायरच्या बाजूला मी नख दाबून पाहिलं. रबर खडखडीत झालं होतं, आणि वाकवल्यावर बारीक भेगा उघडत होत्या, टाचेला पडतात तशा. वडील सांगायचे की टायर तळाने दिसतो आणि बाजूने फुटतो. मला हे माहीत होतं. तरी मी गप्प बसले. मला मंडईपर्यंत दार हवं होतं, आणि टायरवरून पुन्हा वाद घातला तर मंडई निघून जाईल अशी भीती होती. त्या गप्प बसण्याचा राग मला या सगळ्यांच्या रागापेक्षा जास्त दिवस पुरला.

मग चाकं काढायचा दिवस आला. त्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती, जणू घरात लग्न. जॅक लावला, उजव्या चाकाचे पाच नट फिरवले, चाक निघालं. सगळे खूश. नाटकवाल्यांच्या तोंडी 'नट' हा शब्द आला की विनोद होणारच. नायकाने तो दोनदा केला. चाकाचे नट आणि कंपनीचे नट यांत चाकाचे जास्त कामाचे, असं मी म्हटलं ते कुणाला आवडलं नाही.

डाव्या चाकाचे नट हलेनात. नायकाने जोर लावला. मालकांनी लावला. मग पान्याला लांब पाइप लावला आणि दोघं त्याच्यावर लोंबकळले. मी पायरीवर संवादांची वही घेऊन बसले होते. ते कुठल्या बाजूने फिरवताहेत हे पाहिलं आणि वही मिटली.

"भाऊ," मी म्हटलं, "थांबा. डाव्या चाकाचे आटे उलटे असतीन. सायकलच्या डाव्या पायडलचे असतेत, तसे. चाक फिरता फिरता नट ढिले होऊ नये म्हणून. तुमी कसून राहिले, ढिले नाही करून राहिले."

मालक घाम पुसत म्हणाले, "बाई, हे सायकल नाही. साहेबाची गाडी आहे."

नायक म्हणाला, "तुमी तुमचं पाठांतर करा."

आणि मग मास्तर पुढे आले. खाली वाकले, चष्मा वर केला आणि बोल्टच्या टोकावर कोरलेलं अक्षर त्यांनी वाचलं. "एल," ते म्हणाले. "एल म्हणजे लूज. बरोबर फिरवून राहिले तुमी. हेच लूज व्हायची बाजू आहे."

"एल म्हणजे लेफ्ट, मास्तर," मी म्हटलं. "डावं."

"इंग्रजी मले शिकवू नका, बाई."

सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने शाळामास्तराला इंग्रजी शिकवू नये, हे मलाही मान्य आहे. पण मग मास्तराने ते शिकलेलं तरी असावं.

पहिला बोल्ट मोडला तेव्हा मोठा आवाज झाला. सगळे मागे सरकले. मालक म्हणाले, "गंजला होता." दुसरा मोडला. "हाही गंजला होता." तिसरा मोडला तेव्हा नायक पाइपसकट आडवा झाला आणि ढोपर सोलवटून घेतलं. मग सगळे चहाला गेले. जाताना मालकांनी निकाल दिला, "पुरा गंज आहे. गंजानं खाल्लं याले."

त्या आवारात एक माणूस बाकी राहिला, आमचा बंडीचा सुतार. तो बैलबंडीची चाकं करायचा आणि नाटकाचा मंच बांधायचा. त्याला या कामात कुणी विचारलं नव्हतं, कारण साहेबाच्या गाडीत बंडीवाल्याला काय कळणार. मी उरलेल्या दोन नटांवर रॉकेल सोडलं, थोडं मुरू दिलं, पाना लावला आणि उलट्या बाजूने त्याच्यावर पाय देऊन उभी राहिले. कर्र झालं आणि नट फिरला. दुसराही फिरला. सुतार पाहत होता.

"काकाजी, पाहिलं काय?" मी विचारलं.

"पाहिलं," तो म्हणाला. "रबराचं, लोखंडाचं मले नाही कळत, बाई. पण हे पाहिलं."

नाही कळत, हे शब्द त्या आवारात पहिल्यांदा कुणी उच्चारले, आणि ते उच्चारणारा एकटाच माणूस असा होता की ज्याला चाकातलं काही कळत होतं.

बाकीचे चहा पिऊन आले, तर चाक सुटलेलं. नायक म्हणाला, "पाहा. आपणच ढिले करून ठेवले होते." उलट्या आट्यांचा विषय तिथेच संपला. त्या कंपनीत त्यापुढे कायम असं सांगितलं गेलं की डाव्या चाकाचे तीन बोल्ट गंजाने मोडले.

मग चाकांची दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे काय, तर दोन्ही रिमांना बाहेरून चंदेरी रंग. आतल्या बाजूला, जिथे ट्यूब बसते, तिथे गंजाचे पोपडे सुटले होते. ते टायर चढल्यावर दिसणार नव्हते, म्हणून कुणी घासले नाहीत. डावं चाक उरलेल्या दोन बोल्टांवर चढवलं. नायक म्हणाला, "दोन बस होतेत." एक टायर उंच, एक ठेंगणा, त्यामुळे डब्बा उजवीकडे कलला. मालक लांब उभे राहिले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले की जमीनच तिरकी आहे.

मंडईच्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरला डब्बा बांधला आणि आम्ही निघालो. मी आत होते. कडी लावली होती. आरसा खिळ्याला अडकवला तर तो एका बाजूला झुकला, पावडरचा डबा घरंगळत गेला, तरी मी खुशीत होते. पदर पाडून, केस मोकळे सोडून, कुणाचीही पर्वा न करता मी बसले होते. कोंढा मागे पडून फार झालं नसेल, तोच खाली बंदुकीसारखा आवाज झाला आणि सगळं अंग डावीकडे फेकलं गेलं. ट्रॉलीचा टायर बाजूने उभा फाटला होता. तळाची नक्षी अगदी शाबूत होती. मालक फाटलेल्या टायरशी उभे राहून ती नक्षी परत परत दाखवत होते.

त्या हंगामात मी पुन्हा गोठ्यातच साडी बदलली. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गाव जमलेलं होतं आणि वडिलांचं औषधपाणी माझ्यावर होतं. दार नाही तर मी नाही, असं म्हणणारी मी दाराशिवाय उभी राहिले. मास्तरांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलं.

डब्बा ओढून परत गिरणीत गेला. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा त्यात बियाण्याचं धान भरलेलं होतं. पितळी कडी दाराच्या आत नव्हती. मालकांनी ती काढून बाहेरून बसवली होती आणि तिला कुलूप घातलं होतं.

मी विचारलं, "भाऊ, कडी बाहेर काहून?"

"चोरी होते ना, बाई. तुमचं काम दोन घंट्याचं, माह्यं धान बारा महिन्याचं."

"अन् मंडईले?"

"मंडईच्या दिवशी पाहू."

त्यांना वाटलं मी रागावून जाईन. मी गेले नाही. मी सुताराला गाठलं आणि म्हटलं, दोन्ही चाकं काढून तुमच्या बंडीत टाका आणि पवनीला चला. मालकांची हरकत नव्हती. दुसऱ्याने केलेल्या कामाला त्यांची कधीच हरकत नसे.

वडील तेव्हा थकले होते, हात कापायचे, पण रिमा पाहून उठून बसले. त्यांनी दोन दिवस मला घासायला लावलं. विटेचा तुकडा, रॉकेल, मग पॉलिश पेपर. बाहेरून नाही, आतून. मी बाहेरचा चंदेरी रंग दाखवला, तर म्हणाले, "बेटा, टूप आतून राहाते. ते बाहेर पाहाले येत नाही." मग रिम खांबाला टांगून फिरवायची आणि कडेशी खडू धरायचा. जिथे खडू लागला तिथे फुगवटा. सुताराने लाकडी हातोडीने तो बसवला, पुन्हा खडू, पुन्हा हातोडी. सगळीकडे सारखी रेघ उमटली तेव्हा वडिलांनी पुरे म्हटलं. आतून रेड ऑक्साइड लावला, तो वाळल्यावर जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिमेवर चढवली. त्या दोन दिवसांत माझ्या वडिलांनी आणि सुताराने मिळून वीस वाक्यं बोलली नसतील.

टायर आणायला मी स्वतः भंडाऱ्याला गेले, रिम घेऊन. दुकानदाराने पुन्हा तीच खोल नक्षीची जोडी काढली. मी बाजूला नख दाबलं आणि ठेवून दिली. असे पाच-सहा झाल्यावर तो म्हणाला, "बाई, तुमाले टायर पाहिजे का आंबे पाहिजे?" शेवटी एका जीपचे दोन जुने मिळाले. एकाच मापाचे, एकाच गाडीवर चाललेले, तळ निम्मा घासलेला, पण बाजू मऊ. वाकवल्यावर एकही भेग उघडली नाही.

ते पाहून मालकांनी तोंड वाकडं केलं. "घासेल टायर आणले बाईनं." नायकाने त्यांना लाथ मारून पाहिलं आणि मान हलवली.

डाव्या चाकाचे जुने दोन्ही बोल्ट आम्ही ठोकून काढले आणि पवनीच्या लेथवाल्याकडून पाच नवे करून आणले. त्याने विचारलं, आटे उलटे पाडू काय? मी म्हटलं, सरळच पाड. आमच्या लोकांना एकाच बाजूने फिरवता येतं. काढलेले ते दोन जुने, उलट्या आट्यांचे बोल्ट नटांसकट मी माझ्या रंगाच्या पेटीत टाकले. का टाकले, तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

त्या वर्षी पहिली मंडई दिघोरीची. डब्बा सरळ उभा राहून निघाला आणि सरळ उभा राहून पोचला. वाटेत हवा कमी झाली नाही, काही नाही. दिघोरीच्या लोकांनी डब्ब्यापुढे नारळ फोडला आणि मालकांना हार घातला. मालकांनी टायर कसे निवडायचे यावर छोटंसं भाषण केलं. नक्षीच्या भानगडीत पडू नये, बाजू पाहावी, असं त्यांनी लोकांना समजावलं. मी समोरच उभी होते.

दुपार कलायला लागली तशी मी पेटी घेऊन दाराशी गेले. बाहेरून कडी, कडीला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत गादी, लोड, पानाचं तबक. मालक आले. "आजच्या दिवस पाहुण्याईले बसू द्या, बाई. मोठे मोठे लोक येऊन राहिले. तुमची सोय केली आहे मागं."

मागे म्हणजे गोठा.

मी पेटी तिथेच डब्ब्याच्या पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. "या दाराले आतून कडी लागत नाही तोवर मी साडी बदलत नाही," मी म्हटलं. मालकांनी समजावलं. मास्तर म्हणाले, कलावंताने गावाचा मान राखावा. मी म्हटलं, मग आज नायिका तुम्हीच करा, तुम्हाला तर दार लागतच नाही. लोक गोळा व्हायला लागले. गेल्या साली याच तोंडाने बोलून मी माघार घेतली होती, आणि या वेळी घेतली तर पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही हे मला पक्कं कळत होतं. मी उठले नाही.

मालकांनी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खालच्या आवाजात म्हणाले, "लावा. आजच्या पुरती लावा." उद्या काढू, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी सुताराला हाक मारली. त्याने मालकांकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं आणि बाहेरची कडी उचकटली. ती आत बसवायला लहान स्क्रू खिशातून काढले, तेव्हा मी त्याचा हात थांबवला आणि पेटीतून ते दोन बोल्ट दिले. त्याने ते हातात घेतले, टोकावरचं अक्षर अंगठ्याने चाचपलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ते अक्षर तो ओळखत होता. गिरमिटाने दाराला दोन भोकं पाडली, बोल्ट बाहेरून ठोकले. गोल गुळगुळीत डोकी बाहेर, दातेरी मान लाकडात रुतलेली. आतून मी कडी बसवली आणि नट कसले. डावीकडे फिरवून. मग पाहुण्यांची गादी बाहेर दिली, दार लावलं आणि कडी सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्ब्याच्या पायरीवर चहा पीत होते, तेव्हा नायक पाना घेऊन आला. मागून मास्तर, मागून मालक. "कडी काढतो जी," नायक म्हणाला. मी उठून त्यांना वाट दिली.

आत जागा इतकी कमी की पान्याला पाइप लावता येत नव्हता. नायकाने हातानेच जोर लावला. नट हलेना. मालकांनी हात लावला. मास्तर वाकले, चष्मा वर केला.

"एल," मास्तर म्हणाले. "बरोबर फिरवून राहिले. फिरवत राहा."

"एका रातीत गंज धरला काय बाप्पा याले?" मालक म्हणाले.

सुतार मंच सोडवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून दोर गुंडाळायला लागला. मी पायरीखाली उभी राहून उरलेला चहा प्यायले. आत तिघंही धापा टाकत होते, आणि जितका जोर लावत होते तितकी माझी कडी घट्ट बसत होती.